गाडी पाचशे किलोची: व्यापारातला वाद लवादापुढे कसा चालतो

खरेदी-आदेशाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पंधरा-वीस अटी छापलेल्या असतात. माल विकणारा पुढची बाजू वाचतो. वजन किती, भाव काय, पैसे किती दिवसांत. मागची बाजू वाचायला सवड लागते आणि काढणीच्या दिवसांत तीच नसते. त्या अटींमध्ये शेवटाकडे बहुधा एक अट अशी सापडते, की या व्यवहारातून वाद निघाल्यास तो कंपनीने नेमलेल्या एकमेव लवादाकडे सोपवला जाईल, लवादाचे स्थान दिल्ली राहील आणि त्याचा निवाडा उभयतांवर बंधनकारक राहील. पैसे अडकले की वकील कागद उलटा करून आधी हीच अट शोधतो.

खटाव तालुक्यातले एक उदाहरण घेऊ. माणसे आणि रकमा कल्पित आहेत, व्यवहाराची रीत मात्र खरी. वडूजजवळची एक शेतकरी उत्पादक कंपनी आपल्या सभासदांचे साठ गाड्या आले परराज्यातल्या एका मसाला कंपनीला विकते. भाव गाडीला वीस हजार, म्हणजे एकूण बारा लाख. तीन लाख आगाऊ मिळाले. माल पोचल्यावर आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर निरोप येतो: जुन्या आल्यात नवे मिसळले आहे, माती जास्त आहे, काही पोती सडली आहेत, वजनही कमी भरले, सबब उरलेले नऊ लाख देणे लागत नाही.

सातारा जिल्ह्यात आल्याचा भाव गाडीवर बोलतात, आणि ही गाडी म्हणजे पाचशे किलो. ट्रक नव्हे, टेम्पो नव्हे. साठ गाड्या म्हणजे तीस हजार किलो, हे औंध-पुसेसावळीच्या शिवारात कुणाला सांगावे लागत नाही. जुने आले आणि नवे आले वेगळे धरायचे की सरसकट एकच भाव लावायचा, यावरून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे किती वाजले आहे तेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्लीत बसलेल्या लवादाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला ते सांगावे लागते, पुराव्यानिशी सांगावे लागते आणि समोरच्याच्या देखत सांगावे लागते. पुढची सगळी कार्यपद्धती ‘समोरच्याच्या देखत’ या शेवटच्या अटीभोवती फिरते.

बाजार समितीकडे जाता येणार नाही का? वडूजला खटाव तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, आणि १९६३ च्या पणन कायद्याच्या दहाव्या कलमात माल, वजन आणि पैसे यांवरचे खरेदीदार-विक्रेत्यांचे वाद समितीच्या पातळीवर मिटवण्याची सोय आहे. आवारात लिलाव झाला, पट्टी फाटली, अडत्या परवानाधारक आहे, तर हा रस्ता जवळचा आणि स्वस्त. पण आवाराबाहेरच्या फळे-भाजीपाल्याच्या विक्रीवरचे समितीचे नियमन २०१६ मध्ये उठले, आणि आले तर बहुतेक बांधावरच विकले जाते. दिवाणी कोर्टात दावा लावावा, तर समोरचा पहिल्याच तारखेला ती मागच्या बाजूची अट दाखवतो. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याचे आठवे कलम सांगते की लेखी लवादी करार असेल आणि पक्षकाराने आपले पहिले म्हणणे देण्याच्या आत तशी मागणी केली, तर न्यायालयाने प्रकरण लवादाकडे पाठवायचे. करार स्टॅम्प पेपरवरच हवा असेही नाही. पत्रे, ईमेल, इलेक्ट्रॉनिक निरोप यांच्या देवाणघेवाणीतूनही तो सिद्ध होतो. म्हणून ‘आम्ही तर सहीच केली नव्हती’ हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नसतो.

दिवाणी कोर्टात हरलात तर अपील असते. लवादाच्या निवाड्यावर तसे अपील नाही. चौतिसाव्या कलमाखाली निवाडा रद्द करून मागता येतो, पण त्याची कारणे मोजकी आहेत, आणि ‘लवादाने पुरावा चुकीचा वाचला’ हे एरवी त्यांत बसत नाही. पक्षकाराला लवाद नेमल्याची किंवा कामकाजाची रीतसर नोटीस मिळाली नाही, त्याला आपली बाजू मांडता आली नाही, लवादाची नेमणूकच कराराप्रमाणे किंवा कायद्याप्रमाणे नव्हती, निवाडा सोपवलेल्या वादाबाहेर गेला, तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तो उघडउघड बेकायदा आहे, अशा धर्तीची ती कारणे आहेत. म्हणजे आले सडले होते की नाही हे न्यायालय पुन्हा तपासत बसणार नाही. सडले की नाही हे ठरवताना दोघांनाही नीट ऐकले का, एवढे ते पाहील. सुनावणी एकदाच होते. आपल्याकडे लवादाला अजून ‘बसून मिटवू’ या थाटात घेतात आणि कार्यपद्धतीला वकिली कीस समजतात. मला तो समज महागडा वाटतो.

तसे पाहिले तर आपल्या जुन्या पंचांना हे पुरते ठाऊक होते. पेशवाईत पंचायत बसण्याआधी वादी-प्रतिवादी दोघांकडून राजीनामा, म्हणजे निकाल मान्य करण्याची लेखी संमती घेत. जामीन घेत. मग दोघांच्या तकरिरी लिहून घेत, साक्षी होत, कागदपत्रे पाहिली जात आणि शेवटी निवाडपत्र. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा जो अहवाल एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिला, त्यात या पंचायतींचे वर्णन आहे आणि त्या रेंगाळतात ही तक्रारही आहे. संमती, दोन्हीकडचे ऐकणे, लेखी निकाल आणि वेळ हेच चार खांब आजच्या कायद्यात आहेत. फरक एवढाच की आज प्रत्येकाला कलम आणि मुदत लागली आहे.

काम सुरू होते ते एकविसाव्या कलमाच्या नोटिशीने. ‘अमुक वाद लवादाकडे सोपवावा’ अशी लेखी मागणी समोरच्याला ज्या दिवशी पोचते, त्या दिवशी लवादी कामकाज सुरू झाले असे धरतात. पैशाच्या दाव्याला सहसा तीन वर्षांची मुदत असते आणि तिचे घड्याळ या तारखेला थांबते. नुसती ‘आमचे पैसे द्या’ अशी वकिलाची नोटीस पुरत नाही. लवादाकडे जाण्याची मागणी तिच्यात स्पष्ट हवी. ती रजिस्टर पोस्टाने कंपनीच्या धंद्याच्या पत्त्यावर पाठवावी, पोचपावती जपावी, ईमेलही करावा. पुढे ‘आम्हाला काही मिळालेच नाही’ असा सूर निघाला तर हीच पोचपावती कामाला येते.

आता लवाद कोण? अट म्हणते, कंपनी नेमेल. इथे वडूजच्या मंडळींनी घाबरायचे कारण उरलेले नाही. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्याला जोडलेल्या परिशिष्टांपैकी दोन इथे कामाची. पाचव्यात लवादाच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यावी अशा नात्यांची यादी आहे. सातव्यात अशा नात्यांची आहे, की ती असतील तर माणूस लवाद होऊच शकत नाही: पक्षकाराचा नोकर, सल्लागार, जवळचा नातलग, त्याच्याशी धंद्याचे संबंध असलेला. ज्याला निकालात रस आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रेल्वेच्या एका करारावरून हाच धागा पुढे नेला आणि लवाद नेमण्याच्या टप्प्यावरही दोन्ही पक्षांना समान वागणूक हवी असे म्हटले. तेव्हा कंपनीने आपला माणूस नेमल्याचे पत्र पाठवले तर उत्तर द्यायचे: ही नेमणूक आम्हाला मान्य नाही, उभयतांनी मिळून नाव ठरवू. तीस दिवसांत जमले नाही तर अकराव्या कलमाखाली उच्च न्यायालयाकडे अर्ज.

एक सापळा मात्र आहे. सातव्या परिशिष्टातली अडचण दोन्ही पक्ष लेखी संमतीने माफ करू शकतात. ही संमती वाद उभा राहिल्यानंतरची आणि स्पष्ट शब्दांतली हवी. म्हणून पहिल्या बैठकीत ‘लवादाबद्दल आमची काही हरकत नाही’ असा छापील कागद सहीसाठी पुढे सरकवला तर पेन खाली ठेवून आधी लवादाचे प्रकटन मागावे. आपले कुणाशी काय संबंध आहेत, हे लवादाने नेमणुकीच्या वेळीच लेखी जाहीर करायचे असते. त्यातून काही निघाले तर पंधरा दिवसांत हरकत घ्यायची.

व्यापारी वादात एक अडचण खरी असते. आल्याचे, हळदीचे, बेदाण्याचे ज्ञान असणारी माणसे थोडी, आणि ती एकमेकांना ओळखतातच. सांगलीच्या हळद बाजारातला जाणता माणूस लवाद म्हणून हवा, तर त्याने दोन्ही बाजूंशी कधीतरी व्यवहार केलेला असण्याचा संभव मोठा. कायद्याला याची जाण आहे. पाचव्या परिशिष्टाच्या स्पष्टीकरणात शेतमालासारख्या वस्तूंच्या व्यापारातले आणि जहाजवाहतुकीतले लवाद लहानशा जाणकार वर्तुळातून निवडण्याची रूढी लक्षात घ्यावी असे म्हटले आहे. ओळख असणे वेगळे, देणेघेणे असणे वेगळे. जाणकार लवाद मिळत असेल तर निवृत्त न्यायाधीशाचा हट्ट धरू नये असे मला वाटते; गाडी म्हणजे काय हे तरी त्याला समजावत बसावे लागत नाही.

त्या अटीतला ‘दिल्ली’ हा शब्द पैशाच्या रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. लवादाचे स्थान आणि सुनावणीची जागा या दोन निराळ्या गोष्टी. स्थान दिल्ली असेल तर लवाद नेमण्याचा अर्जही दिल्लीत आणि निवाडा रद्द करून मागण्याचा अर्जही दिल्लीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. करारात सातारा लिहून घेतले असते तर लवाद नेमण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडे जायचे. आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा-सांगलीकरांची पायपीट बरीच वाचली आहे. मात्र स्थान दिल्ली असले तरी साक्षी घ्यायला, माल पाहायला लवाद कुठेही बसू शकतो. वडूजला बसा अशी विनंती करता येते. व्हिडिओ कॉन्फरन्स तर आता सर्रास चालते.

पहिल्या बैठकीत कामकाजाची रूपरेषा ठरते आणि ही बैठक किरकोळ समजून चुकवणारे पुढे पस्तावतात. भाषा इथेच ठरते. बाविसाव्या कलमाप्रमाणे पक्षकारांनी एकमताने कुठलीही भाषा ठरवावी, नाही ठरली तर लवाद ठरवतो. साक्षीदार मराठीत बोलतील आणि मराठी कागद भाषांतरासह दाखल होतील, एवढे तरी पहिल्याच रोजनाम्यात नोंदवून घ्यावे. फीही इथेच ठरते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुन्याचे दर आहेत: वादाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर ४५,००० रुपये, पाच ते वीस लाखांसाठी ४५,००० अधिक पाच लाखांवरच्या रकमेच्या साडेतीन टक्के, आणि लवाद एकटा असेल तर त्यावर पंचवीस टक्के जादा. आपल्या नऊ लाखांच्या वादात ४५,००० अधिक १४,००० म्हणजे ५९,०००, आणि एकट्या लवादासाठी ७३,७५०. हे दर सक्तीचे नाहीत, पण पक्षकारांच्या संमतीशिवाय लवादाने आपली फी परस्पर ठरवायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ओएनजीसी विरुद्ध ॲफकॉन्स या प्रकरणात सांगितले आहे. फी सहसा निम्मी-निम्मी भरायची असते. नऊ लाखांसाठी हा खर्च परवडतो का, हा हिशेब नोटीस काढण्याआधीच करावा. दोन लाखांच्या वादासाठी मी तरी कुणाला या वाटेला लावणार नाही.

मग दावा आणि म्हणणे. दावेदाराने काय घडले, काय मागणी आहे हे लिहायचे आणि सोबत कागद जोडायचे. सामनेवाल्याने उत्तर द्यायचे, प्रतिदावा असेल तर तोही मांडायचा. लवादाला अधिकारच नाही असा आक्षेप असेल तर तो हे म्हणणे दाखल करेपर्यंतच घ्यायचा. हे सगळे लवाद नेमल्यापासून सहा महिन्यांत संपावे असे २०१९ ची दुरुस्ती सांगते, आणि तिथून बारा महिन्यांत निवाडा. दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात, त्यापुढे न्यायालयाकडून मुदत वाढवून घ्यावी लागते.

लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा बांधून ठेवत नाहीत. याचा अर्थ वाटेल तसे चालते असा नाही. संहितेच्या जागी अठरावे कलम उभे आहे: दोन्ही पक्षांना समान वागणूक आणि प्रत्येकाला आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सोहनलाल गुप्ता प्रकरणात या संधीत काय काय येते ते उलगडून सांगितले आहे. सुनावणीची आगाऊ सूचना, सल्लागार आणि साक्षीदारांसह हजर राहण्याची सोय, सुनावणीभर उपस्थित राहण्याचा हक्क, पुरावा आणि युक्तिवाद मांडायला वाव, समोरच्याचा पुरावा उलटतपासणीने किंवा उत्तरादाखल पुरावा देऊन तपासण्याची मोकळीक. पूर्ण संधी म्हणजे हव्या तितक्या तारखा मात्र नव्हेत. माल उतरवणाऱ्या साठ हमालांना साक्षीला बोलावतो म्हटले तर लवाद दोघांवर थांबवू शकतो. अट एवढीच की समोरच्यालाही तेवढेच थांबवायला हवे.

आपल्या वादात खरी लढाई काट्यावर होईल. शेतकरी कंपनीकडे वडूजच्या वजनकाट्याच्या पावत्या आहेत: प्रत्येक खेपेचे भरलेले वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन, तारीख, वेळ, वाहन क्रमांक. त्यांची बेरीज तीस हजार वीस किलो. खरेदीदाराच्या गोदामातल्या काट्याची बेरीज अठ्ठावीस हजार सहाशे. मधले चौदाशे वीस किलो कुठे गेले? आले वाटेत सुकते, पोत्यातली माती झडते, आणि कुणी चार पोती उतरवूनही घेतलेली असू शकतात. पण वजनाआधी प्रश्न करारातल्या एका ओळीचा आहे: हिशेबाला काटा कुठला धरायचा, इथला की तिथला? करार गप्प असेल तर अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे लवादाने कराराच्या अटींबरोबर त्या व्यापाराच्या रूढीही पाहायच्या असतात. रूढी ही सिद्ध करायची गोष्ट आहे. गेल्या दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या, याच खरेदीदाराने पूर्वी इथल्याच काट्यावर पैसे दिल्याची बँकेतली नोंद, दुसऱ्या एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याचे शपथपत्र, असे काहीतरी लागते. ‘आमच्याकडे असेच चालते’ एवढे वाक्य पुरत नाही.

व्हॉट्सॲपचे निरोप या वादात सोन्याच्या भावाचे. भाव ठरला तो निरोप, माल भरतानाचे फोटो, ‘माल पोचला, चांगला आहे’ असा गोदामातल्या माणसाचा निरोप असेल तर तोही. नुसता स्क्रीनशॉट देऊ नये. मूळ फोन जपावा, संपूर्ण संभाषण काढून द्यावे, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी भारतीय साक्ष अधिनियमात सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे. पुरावा कायदा लवादाला बांधत नाही हे खरे, पण प्रमाणपत्र असले की अर्धी खळखळ तिथेच थांबते.

सुनावणीचा गाभा चोविसाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. एका पक्षाने लवादाला जे काही दिले, निवेदन असो, कागद असो वा अर्ज, ते दुसऱ्या पक्षाला कळवायचे. लवाद ज्या तज्ज्ञाच्या अहवालावर किंवा कागदावर विसंबणार असेल तोही दोघांना दाखवायचा. वाचायला सोपे आहे, पाळायला अवघड, कारण मोडणारा बहुतेक वेळा वाईट हेतूने मोडत नाही. आपला लवाद जाणकार आहे. आले वाटेत पाच टक्के सुकते का, हा प्रश्न त्याला पडला. त्याने संध्याकाळी वाशीच्या बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, सुकते. उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण निवाडा त्या फोनवर उभा राहिला तर तो कोसळू शकतो, कारण ‘सुकते, पण कुठल्या महिन्यात, किती दिवसांत, धुतलेले की न धुतलेले?’ असे विचारायची संधी शेतकऱ्यांना मिळालीच नाही. योग्य मार्ग सव्विसाव्या कलमाचा: तज्ज्ञ रीतसर नेमा, त्याचा अहवाल दोघांना द्या, कुणी मागणी केली तर त्याला सुनावणीत बोलावून प्रश्न विचारू द्या.

याचे सर्वात ठळक उदाहरण रस्त्याच्या कामातले आहे. दक्षिण कोरियाची सांगयाँग कंपनी आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात मध्य प्रदेशातल्या एका महामार्गावरून वाद झाला. घाऊक किमतींच्या निर्देशांकाची मालिका बदलली, तर भाववाढ कशी मोजायची, हा मुद्दा. लवाद मंडळाच्या बहुमताने सरकारच्या काही मार्गदर्शक सूचनांच्या आधारे गणित केले. या सूचना कामकाजाच्या दप्तरात कुणी दाखल केलेल्या नव्हत्या आणि त्यावर उत्तर द्यायला कंपनीला वावच मिळाला नव्हता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा निवाडा रद्द केला. वाद आल्याच्या गोदामाचा असो की महामार्गाचा, पाठीमागून आलेला कागद चालत नाही.

माल पाहायला गेल्यावरही हेच. लवादाने गोदामात जायचे तर दोन्ही पक्षांना आगाऊ कळवून जायचे. खरेदीदाराच्या गाडीतून, त्याच्या मॅनेजरशी गप्पा मारत गेला, तर पाहणी कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यावर डाग राहतो. खरे तर आल्यासारख्या नाशवंत मालात पाहणीची वेळ लवाद येईपर्यंत टळून गेलेली असते. म्हणून तक्रार आल्या दिवशीच दोघांच्या समक्ष नमुने काढून पोती सीलबंद करा, पंचनामा करा, असे खरेदीदाराला लेखी कळवावे. त्याने नाही केले तर ‘सडले होते’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर अधिक जड होते. माल विकून टाकण्याच्या बेतात असेल तर नवव्या कलमाखाली न्यायालयाकडून तातडीचा हुकूमही मागता येतो, लवाद नेमण्याच्या आधीसुद्धा.

समोरचा आलाच नाही तर? पंचविसाव्या कलमाप्रमाणे दावेदाराने कारणाशिवाय दावा दाखल केला नाही तर कामकाज संपते. सामनेवाल्याने म्हणणे दिले नाही तर कामकाज चालू राहते; पण त्याचे गप्प बसणे म्हणजे कबुली असे धरायचे नाही. आहे त्या पुराव्यावर निवाडा द्यायचा. एकतर्फी निवाडासुद्धा तपासूनच द्यावा लागतो. राजस्थानातल्या लघुउद्योगांच्या सुविधा परिषदेने हेच ओलांडले. झारखंडची सरकारी वीज कंपनी समन्स मिळूनही आली नाही, म्हणून परिषदेने समेटाच्या टप्प्यावरूनच थेट पैसे भरण्याचा आदेश काढला. लवादाचे कामकाज रीतसर सुरूच केले नाही, पुरावा मागवला नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तो आदेश शून्यवत ठरवला. आदेश २०१२ चा होता. घाईत निघालेल्या आदेशापायी नऊ वर्षे गेली. म्हणून समोरचा गैरहजर असेल तेव्हा दावेदारानेच लवादाला आग्रह करावा, की आणखी एक नोटीस काढा, पोचपावती दप्तरी लावा, आमच्या साक्षीदाराचे शपथपत्र घ्या.

कामकाजात काही चुकत असल्याचे दिसले तर हरकत त्याच वेळी, लेखी. चौथे कलम असे की नियम मोडल्याचे माहीत असूनही पक्षकार विनातक्रार पुढे गेला, तर त्याने हरकतीचा हक्क सोडला असे मानतात. आपल्या माणसांना लवादासमोर ‘साहेब, हे बरोबर नाही’ म्हणायला संकोच वाटतो. वय, हुद्दा, आदर आडवा येतो. आदर ठेवूनच लिहावे, पण रोजनाम्यात यावे. निकाल विरुद्ध गेल्यावर काढलेली कुरबुर कुणी ऐकत नाही.

शेवटी निवाडा. तो लेखी हवा, सही हवी, तारीख आणि लवादाचे स्थान हवे, आणि पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर कारणे हवीत. ‘दोन्ही बाजू ऐकल्या, पाच लाख द्यावेत’ असा आकडा फेकलेला निवाडा टिकत नाही. काटा कुठला धरला, का धरला, सडलेल्या मालाचा पुरावा का नाकारला किंवा का स्वीकारला, हे त्यातून समजायला हवे. व्याजाबद्दल निवाडा गप्प असेल तर निवाड्याच्या तारखेपासून चालू दरापेक्षा दोन टक्के जादा व्याज कायद्यानेच लागू होते. आकडेमोडीची किंवा टंकलेखनाची चूक तीस दिवसांत अर्ज करून दुरुस्त करून घेता येते.

सही केलेली प्रत प्रत्येक पक्षाला मिळायला हवी आणि तिच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवावी. निवाडा रद्द करून मागण्याची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. ही मुदत मोजायची ती सही केलेली प्रत पक्षकाराच्या हाती पडल्यापासून. हे महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. समोरच्याकडून मिळालेली झेरॉक्स चालत नाही. एप्रिल २०२५ च्या गायत्री बालसामी निकालानंतर न्यायालय निवाड्यात थोडाफार बदलही करू शकते, पण ती वाट अरुंद आहे.

समजा, निवाडा वडूजच्या बाजूने लागला: नऊ लाखांतून मान्य तूट वजा करून साडेआठ लाख, अधिक व्याज. खरेदीदाराने दिल्लीत आव्हानाचा अर्ज केला, तरी २०१५ नंतर नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाच्या निवाड्यात ती देताना न्यायालय रक्कम जमा करायला लावू शकते. मुदत टळली की निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. त्यासाठी दिल्लीतून बदलीचा हुकूम आणत बसायची गरज नाही. सुंदरम फायनान्स प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंमलबजावणीचा अर्ज देशात जिथे देणेकऱ्याची मालमत्ता असेल तिथल्या न्यायालयात थेट करता येतो. तेव्हा मसाला कंपनीचे गोदाम कुठे आहे, खाते कुठल्या शाखेत आहे, आगाऊचे तीन लाख कुठल्या खात्यातून आले होते, याची नोंद व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी वहीत करून ठेवलेली बरी. दरखास्त कुठल्या कोर्टात लावायची हे त्या नोंदीवरून ठरते.